आई, तुझा सातवा महिना

आई, तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. बाळंतपण, पोटातलं बाळ, असलं काही आपण दोघी कधी बोललोच नाही. तुझी आठवण म्हणजे गावाकडचं, रोहण्याचं आपलं स्वयंपाकघर. हिवाळ्यात तू मीठ घालून तुरीच्या शेंगा उकडते आहेस, घरभर तो हिरवा वास, आणि गणितात नापास झालेली मी दाराशी हुंदके देते आहे. तू ताट पुढं सरकवतेस. "आधी जेव, मंग रडजो," म्हणतेस. मी जेवते, आणि रडायचं राहूनच जातं.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात मला सातवा महिना होता. पिपरी मेघेच्या घरात मी एकटी. हे दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला. मला लागण होऊ नये म्हणून तिकडंच राहायचे. सासूबाई गावी अडकलेल्या. सुरुवातीला नुसती भीती होती. दुधाची पिशवी साबणानं धुवायची, हात कातडी सोलवटेपर्यंत धुवायचे. मग झोप गेली, जेवण गेलं. बाळ लाथ मारायचं आणि मला वाटायचं, हे कशाला येतंय? तपासणीला गेले की वजन, रक्तदाब ठीक निघायचं आणि मी गप्प घरी यायची. एका दुपारी बाबांचा फोन आला. "जेवली का?" त्यांनी रोजच्यासारखंच विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, मले हे बाळ नकोसं वाटून राह्यलं."

 बाबा हळूच म्हणाले, "तू पोटात होती, सातवाच महिना, तवा तुही माय बी असंच म्हणे. जेवे नाई, बोले नाई. मी तिले आर्वीले नेलं. डॉक्टरीणबाई म्हणे, हे बी दुखणंच असते, लाजू नका. मंग दर बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं तिथं दवाखान्यात जायचो. तुही माय बाजारातले कापसाचे ढीग पाहत बसे, अन् मी तिले."

"मले काऊन नाई सांगितलं कोणी?"

"तिनंच सांगू देल्लं नाई. म्हणे, पोरीले वाटन, आपण नकोशी होतो."

प्रवासाचा पास काढून, भाजीच्या गाडीत बसून बाबा आले. ओसरीतच राहिले. मनाच्या डॉक्टरांना फोन त्यांनीच लावला. औषध सुरू झालं, आठवड्याला बोलणं सुरू झालं. बाबा भाकरी थापायला शिकले, जाड आणि कडेला कच्ची. संध्याकाळी ते ओसरीत, मी खिडकीत, आणि आमच्या गप्पांत तू. आर्वीच्या स्टँडवर तू भजी मागून खाल्लीस तो दिवस, परत येताना एसटीत त्यांच्या खांद्यावर झोपलीस तो दिवस. इतका भीतीचा उन्हाळा, तरी आज मला त्याचीच ओढ वाटते. तुझ्याविषयी इतकं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मुलगी झाली. आता शाळेत जाते, पाढे म्हणताना तुझ्यासारखी भुवई उडवते. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मी तुला नकोशी वाटले होते हे कळल्यावर मला वाईट वाटलं नाही गं; उलट त्या रात्री खूप दिवसांनी झोप लागली. पण दुखणं पुरतं गेलेलं नाही. एखाद्या रिकाम्या दुपारी येतंच. तेव्हा मी बाबांना फोन लावते आणि सोयाबीनचा भाव विचारते. खरं कारण त्यांना अजून सांगितलेलं नाही.