वरच्या डोहातला गाळ

३ नोव्हेंबर

आज ओढ्यात उतरले. बंद पडलेल्या खाणीच्या खालच्या अंगाला सहा ठिकाणचा गाळ घेतला, आणि तुलनेसाठी खाणीच्या वरच्या डोहातला एक — तो स्वच्छच असणार. अंगठी पर्समध्ये, हातात प्लॅस्टिकचा चमचा, नमुन्यात मिसळू नये म्हणून धातूचं काही जवळ नाही. पायांचं बर्फ झालं!

घरी धाकट्या बहिणीने विचारलं, "खारूताईला ओढ्यावर नेऊ का गं?" खारूताई म्हणजे तिची सहा वर्षांची लेक, एका जागी बसेल तर शपथ. म्हटलं, खाली अजिबात नको. वर ने, डोहावर. बाबा जेवताजेवता पुटपुटले, "वर साप आहेत." मी नववीत असल्यापासून हेच! उभा जन्म खाणीचा डंपर चालवला आणि सापाला घाबरतात. मी हसले. "बाबा, तुमची लेक हेच शिकलीये. ऐका जरा."

६ नोव्हेंबर

गाळ वाळवला, चाळला. मास्क लावूनही नाकात धूळ.

१७ नोव्हेंबर

आकडे आले. खालच्या सहांत शिसं आहे, ते अपेक्षितच. पण वरच्या डोहात त्याच्या तिप्पट! ऑफिसात साहेब म्हणाले, "पिशव्यांची अदलाबदल केलीस. पुन्हा घेऊन ये." मान खाली घातली. पण चिठ्ठ्या मी दोनदा तपासल्या होत्या.

१८ नोव्हेंबर

पुन्हा डोहावर. काठाला गाळाची चार घरं, प्रत्येकाच्या दारात गारगोटी. भिंतींवर खारूताईच्या बोटांचे ठसे. चमचा हातात धरून नुसती बसून राहिले.

२५ नोव्हेंबर

तेच आकडे. धाकटीला सांगितलं. ओरडली नाही, रडली नाही — लेकीला मांडीवर घेऊन तिची नखं कापत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. रक्त तपासायला दिलंय.

संध्याकाळी बाबांना डोहाबद्दल विचारलं. चष्मा पुसतापुसता बोलले. खाण बंद व्हायच्या आधी खाली खाणीचा कचरा टाकायला जागा उरली नव्हती. हुकूम आला, डोहाच्या कडेला ओता. "डंपर माझाच होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगत होतो की. साप आहेत म्हणून."

अशी चिडले! पण त्यांनी अडवलं होतं. पाठवलं मी.

१ डिसेंबर

खारूताईच्या रक्तात शिसं आहे. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, वेळेवर कळलं, उतरेल. पण त्या मातीशी संबंध नको. मग अडखळल्या. "डोहावर कितीदा गेली?" तीनदा. "तीनदा खेळून एवढं चढत नाही हो. हे जुनं आहे. आणखी कुठे मातीत खेळते?"

कुठेच नाही. घरी तर फरशी आहे!

२ डिसेंबर

कुठे? धाकटी आणि मी दिवसभर आठवतोय. बाबा जेवले नाहीत.

३ डिसेंबर

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी ऑफिसात हजर. साहेबांच्या टेबलावरच्या नकाशावर त्यांनी पेन्सिलीने डोहापाशी फुली मारली. मग आणखी एक मारली — खारूताईच्या शाळेच्या मैदानावर. तिथला सगळा भराव खाणीतला. त्यांच्याच डंपरने टाकलेला.

"बाबा, एवढी वर्षं..."

"शाळेत साप आहेत असं कसं सांगणार होतो गं?"