सेलूच्या गोदामाची उजवी चौकट

सेलू, मंगळवार, ११ नोव्हेंबर १९४१

तीर्थरूप बाबांना मिल्काचा शालोम, आणि आईच्या पायांवर डोकं.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. इथलं कापसाचं जुनं गोदाम आपल्या बेने इस्राएलांचं प्रार्थनाघर कधीच नव्हतं, असं कळवलं होतं. ते होतं. चौकटीवर मेझुझाची, आपल्या पवित्र वचनाच्या डबीची, खूण मी शोधली, पण बाहेर येताना उजवीकडे पाहिलं. आत जाताना उजवीकडे पाहायचं, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. काल तिथे रंगाखाली मेझुझा बसवायची तिरकी खाच सापडली. शेजारच्या मल्लम्मा म्हणाल्या, रूळ टाकायला आलेले कोकणातले मुकादम दर शनिवारी तिथं जमायचे, "आन् त्या दिशी चूल बी पेटवीत नव्हते."

अडचण अशी की मालक बसवंतराव ते पाडून नवं गोदाम बांधणार आहेत. देवाचं घर असेल तर हात लावणार नाही, असं ते म्हणाले होते. नाही म्हणून मीच सांगितलं. आता "बाई, तुमचा देव हप्त्याला घर बदलायलाय का?" म्हणून हसतील. हसू देत. खाच पाहिली की ऐकतील. माणूस शब्दाचा पक्का आहे.

ह्यांची जिनिंगमधली नोकरी नीट चालू आहे. तिथले मालकही बसवंतरावच, पण त्याची काळजी करू नका. आईचा गुडघा कसा आहे?

पाडायला मजूर रविवारी येणार. शनिवारी शब्बाथ, विसाव्याचा दिवस, मी या कामाला बाहेर पडणार नाही. म्हणून शुक्रवारी, चौदा तारखेला, सकाळीच बसवंतरावांना त्या दारापाशी नेते.

तुमची
मिल्का