तारप्याकडे पाठ

४ जून १९९५, रविवार

आजपासून रोजनिशी. उद्या कोणी मुलाखतीला आलं आणि विचारलं, की नागोरावजी, मराठी रॅप तुम्हाला नक्की कुठल्या दिवशी सुचला, तर आठवत नाही म्हणणं बरं दिसणार नाही. सुचला आज. सकाळी सव्वानऊ, चाळीच्या संडासाच्या रांगेत.

हिंदीत रॅप आला. बोईसरचे रिक्षावाले दिवसभर तेच लावून बसतात. मराठीत कोणी हात घातल्याचं माझ्या तरी कानावर नाही. मराठी माणसाला भजनातून सवड मिळेल तेव्हा ना.

पहिल्या ओळी तयार:

बोईसर बोईसर, धुराचं शहर,
पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरीचा कहर!

चंद्रकांताला ऐकवल्या. बायको म्हणून पहिला मान तिचा. ती म्हणाली, पाणी जाईल, आधी बादल्या भरून घ्या.

९ जून, शुक्रवार. सुट्टी.

पंढरीकडे गेलो. स्टेशनसमोर याचं कॅसेट भरून द्यायचं दुकान. लोक गाण्यांची यादी आणतात, हा कोऱ्या कॅसेटवर भरून देतो आणि स्वतःला साउंड रेकॉर्डिस्ट म्हणवतो. दोन डेक आणि एक पंखा, एवढा स्टुडिओ. पंखाही रेकॉर्डिंगच्या वेळी बंद.

रॅपच्या मागे काहीतरी वाजत लागतं. सॅम्पल म्हणतात त्याला. दुसऱ्याच्या संगीतातला तुकडा उचलायचा आणि पुन्हा पुन्हा लावायचा. पंढरीला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

माझ्याकडे माल तयार आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बेटेगावच्या पाड्यावर तारप्याचा नाच बघायला गेलो होतो. तारपा म्हणजे वारल्यांचं भोपळ्याचं लांबलचक वाद्य, फुंकून वाजवतात. वाजवणारा जिवल्या, आमच्याच रंगाच्या कंपनीत ड्रम चढवायला असतो. कोणाला संशय नको म्हणून टेप पिशवीत घातला, पिशवी पाठीवर अडकवली आणि तारप्याकडे पाठ करून उभा राहिलो, जणू मला यात काडीचा रस नाही. अर्धा तास रेकॉर्डिंग, कोणाला पत्ता नाही. असली डोकी स्टोअरमध्ये ड्रम मोजत सडतात.

१८ जून, रविवार

सॅम्पल झालं. आठ सेकंदांचा तुकडा पंढरीने पॉजचं बटण दाबून दाबून चाळीस वेळा जोडला. तुकड्यात एक कुत्रं भुंकतं. म्हणजे दर आठ सेकंदांनी भुंकतं. पंढरी म्हणाला, दुसरा तुकडा घेऊ. मी म्हणालो, अरे बाबा, तोच ठेका आहे. गाढवापुढे वाचली गीता.

३ जुलै, सोमवार

विक्रीचा अंदाज मांडला. एमआयडीसीत हजारोंनी कामगार. दहातल्या एकाने घेतली तरी पुन्हा छापाव्या लागतील. यात पालघर, केळवे, माहीम धरलेलं नाही. माहीमच्या वाडीवाल्यांकडे टेपरेकॉर्डर आहेत, कान नाहीत. पण शेजाऱ्याने घेतली की घेतील.

दुपारी साहेबांनी बोलावलं. स्टोअरकीपरची जागा रिकामी होतेय, अर्ज करा, तुमचा नंबर पहिला, म्हणाले. मी नम्रपणे सांगितलं, डिसेंबरनंतर मी इथे नसेन. त्यांनी विचारलं, परभणीला परत जाताय का? नुसता हसलो. राजीनामा लिहून ठेवलाय, तारीख तेवढी घालायची.

चंद्रकांताला यातलं काही सांगितलेलं नाही. काही गोष्टी कलावंताला एकट्याने पेलाव्या लागतात.

१४ जुलै, शुक्रवार

गिरगावच्या कॅसेट कंपनीत गेलो. तिथल्या साहेबांनी अख्खी बाजू ऐकली, मध्ये फोन आला तरी बंद केली नाही. ते वाद्य काय आहे, म्हणाले. मी माझ्या शब्दांबद्दल सांगायला लागलो. ते पुन्हा म्हणाले, वाद्य कोणाचं? वाजवणाऱ्याचं लेखी ना-हरकत पत्र आणा, कुत्र्याशिवाय नीट रेकॉर्डिंग आणा, मग पाचशे कॅसेट काढून बघू.

मला सॅम्पल क्लिअर करायला शिकवतात! लॅबची चिठ्ठी आल्याशिवाय मी आमच्या कंपनीत एक ड्रम हलू देत नाही. एका अंगठ्याचा प्रश्न आहे. सोमवारी काम फत्ते.

१७ जुलै, सोमवार

स्टोअरचं शाईचं पॅड घेऊन जेवणाच्या सुट्टीत जिवल्याला गाठलं. कागद पुढे केला, अंगठा कुठे ते दाखवलं. त्याने हात पुसले, कागद घेतला आणि पूर्ण वाचला. दोन ठिकाणी माझ्या शुद्धलेखनावर थांबला. लिहितो-वाचतो, हे आधी सांगायला नको?

मग म्हणाला, सूर माझ्या एकल्याचा नाय. आज्याचा हाय, पाड्याचा हाय. आन् तुमी तर पाठ करून उबे होते. तारप्याला पाठ दावत नाय कोनी.

म्हणजे यांनी बघितलं होतं. सगळ्या पाड्याने. तिथे मला पाठवाला साहेब म्हणतात, हेही आजच समजलं.

त्यांची रीत अशी, की नाचणारे गोल फिरतील, वाकतील, बसतील, पण तोंड तारप्याकडे. जो तसा शेवटपर्यंत नाचला त्याचा सूर, त्याने न्यावा, जिवल्या सही करेल. मी म्हणालो, ठीक, येत्या शुक्रवारी वाजव. तर म्हणाला, नवा भात खाल्ल्याबिगर आमी तारपा खाली काडत नाय.

भाताची अजून लावणीसुद्धा पुरी नाही. जगात रॅप कुठल्या कुठे गेला, आणि बोईसरचा रॅप भात पिकायची वाट बघणार. अडाणीपणाला औषध नाही.

६ ऑगस्ट, रविवार

भाताला पर्याय शोधला. पंढरीच्या मेव्हण्याच्या कॅसिओवर तारपा वाजवून घेतला. हुबेहूब. तज्ज्ञालाही फरक कळणार नाही.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

कॅसेट कंपनीच्या साहेबांना फरक कळला. गाडी रिव्हर्स घेताय का, असं विचारलं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज अर्धी रजा टाकून दुकानदारांकडून आगाऊ ऑर्डर घेणार होतो. दुकानांत कोणी नाही. गणपती दूध पितोय म्हणे. सगळं बोईसर वाट्या घेऊन देवळासमोर. माझ्या चहाचं दूधसुद्धा चंद्रकांता घेऊन गेली. काय हा देश! एकविसावं शतक पाच वर्षांवर आलं.

शास्त्रीय निरीक्षणासाठी गेलो. दोन तास रांगेत. चमचा मीच धरला. प्यायला. दोन चमचे प्यायला. बाजूच्या म्हातारीचा एकच प्यायला होता. कॅसेटला शकुन चांगला आहे.

७ ऑक्टोबर, शनिवार

काल बेटेगावला नाच झाला. भात आला एकदाचा. पंढरीने टेप दगडावर ठेवला. चंद्रकांता घरी बसून कंटाळते म्हणून तिलाही नेलं, ही माझी चूक.

दिवस मावळता जिवल्याने तारपा उचलला. हा माणूस श्वास कधी घेतो कळत नाही. गाल फुगलेले ते फुगलेलेच. सगळ्यांनी एकमेकांच्या कमरेला हात घातले, मला मध्ये घेतलं. माझा पवित्रा उत्तम होता. पण या लोकांची चाल शास्त्रशुद्ध नाही, मध्येच उलट फिरतात. शिवाय मी बूट घालून होतो. पंधराव्या मिनिटाला तांत्रिक कारणाने बाहेर आलो आणि बूट काढायला दगडावर टेकलो.

किती वेळ टेकलो माहीत नाही. तारपा थांबला तेव्हा बघितलं, तर मी पुन्हा त्याच्याकडे पाठ करून बसलेला. पोरं हसत होती. आणि गोलात, नऊवारी खोचून, जिवल्याची बायको नवसी हिच्या कमरेला हात घालून, घामाने निथळत आमची चंद्रकांता. शेवटपर्यंत नाचली. लग्नाला चौदा वर्षं झाली, तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

जिवल्याने कागद घेतला, माझं नाव खोडलं, वर लिहिलं, सूर चंद्रकांताबाईला दिला हाय, आणि खाली सही ठोकली. मी म्हणालो, एकाच घरातली गोष्ट आहे. तो म्हणाला, मंग तुमाला काय हरकत?

२० ऑक्टोबर, शुक्रवार

कॅसेट कंपनीने घेतलं. रेकॉर्डिंगमध्ये जिवल्याचं कुत्रं याही वेळी भुंकलंय, पण साहेब म्हणाले आता राहू द्या. पत्रावर नाव श्रीमती चंद्रकांता. तिने ते देवाच्या फोटोमागे ठेवलं. मागितलं तर म्हणाली, गरज पडेल तेव्हा काढू.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

स्टोअरकीपरच्या जागेवर रामकिसन. माझ्या हाताखाली तीन वर्षं होता, रजिस्टर मीच शिकवलं. काल त्याची बायको घरी पेढे घेऊन आली आणि चंद्रकांताला म्हणाली, भाऊजींनी जागा सोडली म्हणून आमचं नशीब उघडलं हो.

चंद्रकांताने पेढा खाल्ला. मला काही बोलली नाही. रात्रीपर्यंत नाही. आज सकाळीही नाही. तिने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं.

हरकत नाही. कॅसेट येऊ दे.

१५ डिसेंबर, शुक्रवार

आली! पंढरीच्या दुकानात शंभराचं खोकं. कव्हरवर माझा फोटो, गॉगल पंढरीचा. लोकांची झुंबड होऊ नये म्हणून स्वतः दुकानात थांबलो. झुंबड झाली नाही. सुट्टीचा दिवस, लोक उशिरा उठतात.

२२ डिसेंबर, शुक्रवार

विक्री दोन. एक मी घेतली, भवानी व्हावी म्हणून. दुसरी बेटेगावहून आलेल्या जिवल्याने. पैसे देऊन घेतली, फुकट नको म्हणाला. माणूस तसा गुणग्राहक आहे.

२९ डिसेंबर, शुक्रवार

तिसरी गेली! माहीमचा एक गृहस्थ. मी तिथेच होतो.

३ जानेवारी १९९६, बुधवार

माहीमचा गृहस्थ पुन्हा आला. कॅसेट एकदम झकास आहे म्हणाला, असल्या आणखी चार द्या. मी पंढरीकडे बघितलं. मग तो म्हणाला, वरच्या दोन भोकांवर चिकटपट्टी लावली की हिच्यावर पुन्हा भरता येतं, आम्ही गुरुवारचं भजन भरलं, आवाज कसा घंटेसारखा स्पष्ट आला.

मी त्याला रॅपबद्दल विचारलं. तो म्हणाला, हो, आधी कोणीतरी बोलत होतं त्यात.

चार दिल्या नाहीत. तत्त्व म्हणून एक गोष्ट असते.

९ जानेवारी, मंगळवार

कॅसेट कंपनीचं पत्र. इतर ठिकाणचा माल परत येतोय. सगळीकडून एकच तक्रार, मजकूर पत्रात दिलाय: वाद्य ऐकू येत नाही, मध्ये माणूस बोलतो. बाजारच तयार नाही, त्याला मी काय करणार.

१४ जानेवारी, रविवार

दुकानात बसलो होतो. पंढरी तिळगूळ वाटायला गेलेला. नवसी आली, सोबत पाड्यावरच्या पाच-सहा बायका आणि चंद्रकांता. हिचं तिथे जाणं-येणं असतं, हे मला आज कळलं.

नवसीने कॅसेट काउंटरवर ठेवली. म्हणाली, आमाला तारप्याचीच भरून द्या. मदला मानूस काडा.

तिला बहुधा ठाऊक नाही मधला माणूस कोण ते. किंवा ठाऊक असेल. मी म्हणालो, मूळ टेप आहे माझ्याकडे, पण सूर असा कोणालाही भरून देता येत नाही, ना-हरकत लागते. चंद्रकांता म्हणाली, माझी हरकत नाही.

मूळ टेप लावली. सुरुवातीला तारप्याच्या वरताण कोणीतरी धापा टाकतंय. नवसी म्हणाली, यो पन काडा. कुत्रं भुंकलं, तसं मी विचारलं, आणि हे? ती म्हणाली, ता राहू द्या. आमचा मोत्या हाय. दिवाळीमागं ट्रकखाली गेला.

मला वाईट वाटलं. लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय. सहा महिने त्या चार ओळी मी झोपेतसुद्धा म्हणत होतो. त्या कोणाला नको आहेत, आणि मेलेलं कुत्रं पाहिजे आहे, आणि कुत्र्याला कोणी वाईट म्हणावं असं काही मला ऐकून सापडलं नाही. वेळेवर भुंकतं.

पंधराव्या मिनिटानंतर टेपवर मी नाही. नुसता जिवल्या. तिथून पुढे भरायला सुरुवात केली, मोत्या जिथे जिथे आला तिथे तसाच ठेवला. चांगलं वाजवतो जिवल्या. डेककडे तोंड करून शेवटपर्यंत ऐकलं. चंद्रकांता बाजूला उभी होती. घरी चला म्हणाली, जेवायचं राहिलंय, आणि उद्या रामकिसनभाऊजींना सांगून पहिली पाळी मागून घ्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा एवढं बोलली.

मग बातमी फुटली. रिक्षा स्टँडवरून दोघे आले, लोडिंगवाले आले, चार नंबर चाळीतल्या बायका आल्या. सगळ्यांना तारपा पाहिजे, बिनमाणसाचा. पंढरी परत आला. चार वाजता त्याच्या कोऱ्या कॅसेट संपल्या. त्याने माझ्या खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. भोकांवर चिकटपट्टी मी स्वतःच लावली.

शिल्लक सत्त्याण्णव होत्या. आज एकवीस गेल्या. विक्री सुरू झाली म्हणायची.