मावशीचा फोटो आणि ऑफिसची लायब्ररी

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच, पण मनापासून). तुझा गुडघा कसा आहे, झोप लागते का, आणि माझ्यावरचा राग कितपत उतरलाय, हे सवडीनं कळव. मी मजेत आहे. ऑफिसात माझ्याशिवाय पान हलत नाही.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितो. आमच्याकडे वेबसाइटचा कुठलाही भाग, म्हणजे बटण, फॉर्म, फोटोची चौकट, एकदाच नीट बनवून सामायिक लायब्ररीत ठेवतात. ज्याला लागेल तो तिथून उचलतो. ही लायब्ररी मी लावली. माझ्याआधी तिथे 'बटण नवं', 'बटण खरंच नवं' आणि 'हे वापरू नका' असा सावळागोंधळ होता (आणि सगळे तेच शेवटचं वापरत होते). दातांच्या डॉक्टरांच्या वेबसाइटसाठी केलेली तुझी चौकटही मी तिथेच जपून ठेवली. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीपुढे तू हसतेयस आणि खाली तुझेच शब्द, 'मी यांच्याकडे पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी हसत परत जाते.' नाव दिलं 'समाधानी ग्राहक'. चौकट इतकी झकास जमली होती, की सहकाऱ्यांनी ती तुझ्या फोटोसकट उचलून बेकरीला लावली, टायरवाल्याला लावली आणि घटस्फोटाचे खटले चालवणाऱ्या वकीलबाईंनाही लावली. यात माझा काय दोष?

घड्याळवाल्यांनी (म्हणजे तुझ्याशी लग्न करू पाहणाऱ्या त्या सज्जन गृहस्थांनी) नेमकी वकीलबाईंचीच वेबसाइट पाहावी, याला काय म्हणावं! तू चिडलीस, म्हणून मी ताबडतोब मजकूर बदलला: 'या बाईंचा आमच्याशी काहीही संबंध नाही.' आता लायब्ररीची खुबी अशी, की मूळ चौकट बदलली की ती जिथे जिथे लावलीय तिथे तिथे आपोआप बदलते. यंत्रणा चोख चालली. म्हणूनच बेकरीवाल्यानं तुला पाव देताना दोनदा निरखून पाहिलं.

तेव्हापासून घड्याळवाले तुझ्याकडे फिरकले नाहीत, हे मात्र मला खरंच लागलं. काका गेल्यावर इतक्या वर्षांनी तू आरशापुढे रेंगाळताना दिसली होतीस. ते माझ्या एका चौकटीपायी मोडावं, हे मला सोसणारं नाही. म्हणून ती चौकट मी लायब्ररीतून साफ काढून टाकली. आता तू कुठेच नाहीस. निश्चिंत राहा.

तुझा लाडका (अजूनही, असं धरून चालतो)
भाचा

ता. क. पाकीट बंद करणार तोच घड्याळवाले ऑफिसात आले. मी टेबलाखाली पेन शोधू लागलो. पण त्यांची तक्रार वेगळीच. "अहो, त्यांचा फोटो कुठे गेला? रोज दुकान उघडलं की आधी तो बघायचो." वकीलबाईंचा घोळ माझाच असणार हे त्यांना लगेच कळलं, म्हणाले. पण 'काहीही संबंध नाही' हे तूच त्यांना उद्देशून लिहवून घेतलंस, अशी त्यांची समजूत! त्यांना दुकानाची वेबसाइट हवीय, तुझ्या फोटोसकट. फक्त खाली 'ग्राहक' नको, 'मालकीण' लिहायचं, तुझी हरकत नसेल तर. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

ता. क. दुसरा (दुसऱ्या दिवशी). तुझी हरकत नसणार या खात्रीनं मी कालच नवी चौकट करून 'मालकीण' या नावानं लायब्ररीत ठेवली. तर मावशे, पत्र मिळताच तशीच ऊठ, घड्याळवाल्यांच्या दुकानात जा आणि होकार देऊन टाक. आज सकाळपासून तू टायरवाल्याची मालकीण आहेस.