टिटवीला मावशीच्या घरी राहू देणे व मागील खोलीस मान्यता मिळणेबाबत

प्रति,
मा. कल्याण अधिकारी साहेब
(शिक्षण, गृहनिर्माण व बालकल्याण, तिन्ही शाखा),
आदिवासी कल्याण कार्यालय.

विषय : वरीलप्रमाणे.

संदर्भ : १) गृहनिर्माण शाखेची खोली पाडण्याची नोटीस.
२) निवासी शाळेचे, मुलगी परत पाठवा असे पत्र.
३) निरीक्षक बाईंनी आमच्या ओट्यावर बसून दिलेला तोंडी सल्ला.

महोदय,

मी खाली सही करणारी, लाकडाच्या वखारीमागील आदिवासी वस्तीत राहते व केस कापण्याचा व्यवसाय करते. वस्तीतील निम्मी डोकी माझ्या हाताखालून गेलेली आहेत. आपल्या कार्यालयातीलही दोन-तीन आहेत, पण नावे सांगणे बरे दिसणार नाही.

१. माझी थोरली बहीण तापाने वारली. तिची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. मुलीचे वडील दूर बोगद्याच्या कामावर असतात, त्यांनी राजीखुशीने मुलगी माझ्या व माझ्या आईच्या ओटीत घातली. मुलीला घरात टिटवी म्हणतात. कारण ती सकाळी डोळे उघडण्याआधी तोंड उघडते. कागदोपत्री नाव वेगळे आहे, परंतु त्या नावाने हाक मारल्यास ती मागे वळून पाहत नाही.

२. आम्हांला डोंगरावरून खाली आणून वसवले तेव्हा आपल्याच गृहनिर्माण शाखेने एक खोली व एक स्वयंपाकघर असे घर दिले. घर चांगले आहे, तक्रार नाही. पुढे आपल्याच बालकल्याण शाखेच्या निरीक्षक बाई आल्या. त्यांनी टेप लावून खोली मोजली व एका खोलीत तिघी झोपतात, सबब हे घर बालकास अयोग्य आहे, असा शेरा मारला. बाई वाईट नाहीत. टिटवीच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनीच तिला निवासी शाळेच्या गाडीत बसवले. त्या वेळी त्यांनाही अवघडल्यासारखे झाले असावे, कारण टेप आमच्याकडेच विसरल्या.

३. मी दुसरी खोली मागण्यास गृहनिर्माण शाखेत गेले. तेथील भाऊसाहेब म्हणाले की घरात मूल राहत असेल तरच वाढीव खोली मिळते. तर आधी मुलगी आणा. मी वरच्या मजल्यावर बालकल्याण शाखेत गेले. तेथील मॅडम म्हणाल्या, आधी खोली दाखवा. मी पुन्हा खाली आले. असे बऱ्याचदा झाल्यावर जिन्यातील शिपाईदादांनी मला बसायला स्टूल दिले व सांगितले की भाऊसाहेब आणि मॅडम दुपारचा डबा एकाच टेबलावर खातात. मी दुपारी त्या टेबलापाशी गेले. दोघांनी मला पोळी घ्या म्हणून आग्रह केला, परंतु जेवताना कार्यालयीन विषय काढू नये असा त्यांचा नियम आहे. पोळी मऊ होती.

४. त्यानंतर मी निवासी शाळेत टिटवीला भेटण्यास गेले. तिचे केस कापले होते. कोणी कापले ठाऊक नाही, पण एक बाजू कानाच्या वर व दुसरी कानाच्या खाली होती. ते मी नीट केले असते. जे मला नीट करता येण्यासारखे नव्हते, ते असे. शाळेत आमची बोली बोलण्यास मनाई आहे आणि शाळेची भाषा तिला पुरती येत नाही. त्यामुळे ती बोलतच नव्हती. वसतिगृहाच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, किती शांत झाली पाहा, शिस्त लागली. मी आमच्या बोलीत विचारले, जेवलीस का गं? तिने आधी दाराकडे पाहिले आणि म्हणाली, "हो, ताई."

महोदय, मी तिची मावशी आहे. तेथे सगळ्याच बायकांना ताई म्हणायचे असते.

घरी जाताना मी कोणाशीही बोलले नाही. माझ्यासारख्या बाईला हे जमले याचे माझे मलाच नवल वाटले.

५. पुढच्याच आठवड्यात वस्तीने मिळून आमच्या घरामागे खोली उठवली. वखारवाल्याने फळ्या दिल्या, गवंडीकाका सुटीच्या दिवशी आले, शेजारणींनी माती कालवली. खिडकी जराशी तिरकी बसली आहे, ते मान्य. यावर भाऊसाहेबांनी खोली विनापरवाना आहे, पाडा, अशी नोटीस दिली. आणि वरच्या मॅडमनी कळवले की जी खोली पाडायची आहे ती हिशेबात धरता येत नाही. शिपाईदादांनी स्टूल न मागताच पुढे केले.

६. अशात निवासी शाळेच्या वसतिगृहाचे छत भरदुपारी खाली आले. मुली वर्गात होत्या म्हणून कोणाला खरचटलेही नाही. दुरुस्ती होईपर्यंत सर्व मुलींना आपापल्या घरी पाठवण्यात आले. त्या वेळी कोणाचेही घर टेप लावून मोजण्यात आले नाही.

७. टिटवी घरी आली तरी काही दिवस गप्पच होती. विचारल्यास मान हलवायची. मी तिचे केस दोन्हीकडे सारखे केले, तेव्हाही आरशात पाहिले नाही. मग एका दुपारी माझी आई धान्य निवडता निवडता कोल्ह्याची गोष्ट सांगू लागली आणि तिने कोल्ह्याला नदीच्या भलत्याच काठावर नेऊन बसवले. टिटवी बेचैन झाली. आईने त्याला तिथेच ठेवून गोष्ट पुढे रेटली. तेव्हा टिटवी आमच्या बोलीत ओरडली, "आजी, तो पलीकडे आहे!" आई म्हणाली, मग तूच सांग बाई, मला मेलीला काय कळतंय. टिटवीने गोष्ट सांगितली. नंतर दुसरी सांगितली. आई पदराने डोळे पुसत होती आणि धान्यातला कचरा डोळ्यात गेला असे सांगत होती. तेव्हापासून पोरीच्या तोंडाला विश्रांती नाही. आमचे कान किटले आहेत. ही तक्रार समजू नये.

८. आता शाळेचे पत्र आले की छत झाले, मुलगी पाठवा. तिला नेण्यासाठी निरीक्षक बाई गाडी घेऊन आल्या. त्यांनी मागची खोली पाहिली, तिरक्या खिडकीतून बाहेर पाहिले आणि ओट्यावर बसून टिटवीला विचारले की तुला कुठे राहायचे आहे. टिटवीने प्रथम शाळेच्या भाषेत उत्तर दिले. बाईंना नीट कळले नसेल असे वाटून तेच आमच्या बोलीत पुन्हा सांगितले. ती म्हणाली, "मी राहतेच आहे की इथं."

मग बाई मला म्हणाल्या, "अर्ज करा. त्यावर शेरा मी लिहीन." गाडी रिकामी परत गेली. त्यांच्या सांगण्यावरून हा अर्ज करीत आहे.

तरी विनंती की, मागील खोलीस मान्यता द्यावी, निवासी शाळेकडून मुलीचा दाखला मिळवून द्यावा, आणि भाऊसाहेब व मॅडम यांना एकदा तरी जेवताना कार्यालयीन विषय काढण्याची परवानगी द्यावी.

वस्तीजवळच्या शाळेत एक गुरुजी आमची बोली जाणतात. त्यांनी दाखल्यावाचून टिटवीला वर्गात बसवून घेतले आहे. ती सोमवारपासून जाते आणि चार वाजता घरी येते. आपला निर्णय काहीही झाला तरी ती चार वाजता घरीच येईल. ही शेवटची ओळ विनंतीत धरू नये, ती माहितीसाठी आहे.

आपली नम्र, परंतु ऐकून न घेणारी,
(सही)
मुलीची मावशी
सोबत आजीचा अंगठा

दिनांक : आजचाच, शिक्क्याप्रमाणे.

सोबत :
१) खोली पाडण्याच्या नोटिशीची प्रत.
२) निवासी शाळेच्या पत्राची प्रत.
३) वडिलांचे संमतिपत्र.
४) मुलीचा अलीकडील फोटो. हलला आहे, कारण काढताना ती बोलत होती.