दीप्तीची हवा

देवरूख

चि. दीप्ती,
जयभीम.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. काल फोनवर मी म्हणालो, आई झोपलीय. खोटं बोललो गो. आई गेली. पुण्यानुमोदनही झालं. तुला कळवायचं नाही, ही तिचीच ताकीद. हिवाळा सरेपर्यंत तिथे जहाज येत नाही, पोर बर्फात एकटी रडत बसेल, म्हणाली.

अंटार्क्टिकाला निघालीस त्या दिवशी, अंथरुणाला खिळलेल्या आईच्या कमरेखालची रबरी रिंग तू तोंडाने फुगवून दिलीस. पुढे फोनवर सांगितलंस की बर्फातल्या बुडबुड्यांत हजारो वर्षांपूर्वीची हवा अडकलेली असते, तीच तुम्ही तपासता. झालं! तेव्हापासून ती रिंगेला हात लावू देईना. रिंग सैल पडली, पाठीला जखम झाली. मी पंप आणला, तर माझ्यावरच ओरडली, "ऱ्हावंदे! दीप्तीची हवा हाय ती."

मीही चिडलो. म्हटलं, हवेवर काय नाव लिहिलेलं असतं?

शेवटच्या सकाळी तिनेच रिंग काढायला लावली. गालाशी धरून म्हणाली, "आता बूच काढा."

बर्फ वितळताना बुडबुडे फुटतात, कान लावला तर ऐकू येतं, असं तू सांगायचीस. तसाच बारीक आवाज झाला. ती डोळे मिटून तुझी हवा ओढत राहिली. हवा संपली, तिचा श्वासही थांबला, तरी मी आपला रिंग दाबतच होतो.

तुझा,
बाबा