एकाच माणसासाठी घेतलेली खुर्ची

४ एप्रिल
गणवेश उतरवला. क्रिकेट मंडळाचा मुख्य अधिकारी झालो. निरोपाच्या वेळी सगळ्यांचं एकच — कर्नलसाहेब, क्रिकेट कशाला? नुसता हसलो. मंडळाच्या अकादमीतला गोलंदाजीचा प्रशिक्षक मला घरी बसवायचा आहे. बाकी काही नको. त्याने आमच्या मुलाला अंगात ताप असताना मैदानावर उतरवलं. धावता धावता कोसळला पोरगा, तिथेच गेला. सतरा वर्षांचा.

५ एप्रिल
मंडळाच्या कचेरीच्या जिन्यात कुजबुज. "आता चहासुद्धा रांगेत उभं राहून प्यायचा!" "अरे, त्यांना बॅट कुठून धरतात ते तरी माहीत आहे का?"
नाही माहीत. गरजही नाही.

९ एप्रिल
प्रशिक्षकाला बोलावलं. वीस मिनिटं उभा ठेवला. बस म्हटलं नाही. "सर, मुलाबद्दल एकदा बोलायचं होतं." म्हटलं, "उशीर झाला." मान खाली घालून गेला. बरं वाटलं! फार दिवसांनी.

१० एप्रिल
हिने दारातच विचारलं, "काढलंत त्याला?" म्हटलं, नियमात बसवून काढतो, म्हणजे पुन्हा कुठे उभा राहायला नको. "त्याच्या बायकोला रडताना बघायचंय मला." तेरा महिन्यांत ही एवढं बोलली नव्हती.

१६ एप्रिल
मुलाच्या मृत्यूच्या चौकशीची फाइल मागवली. त्याचा जबाब एका ओळीचा — "खेळवण्याचा निर्णय माझा." चला, काम सोपं झालं!

१७ एप्रिल
आणखी पुरावा हवा म्हणून त्याचं कपाट उघडायला लावलं. मुलाच्या रजेचा अर्ज निघाला. प्रशिक्षकानेच भरलेला. ताप आहे, छातीत दुखतं, चार दिवस घरी सोडावं. मुलगा अठराच्या आतला, म्हणून पालकाच्या परवानगीसाठी माझ्या पलटणीत पाठवलेला.

पलटणीत आजारी जवानांचे तीस-चाळीस अर्ज रोज टेबलावर यायचे. नावं कोण वाचतो! एकच शेरा मारून गठ्ठा संपवायचो.

याच्यावरही तोच आहे. "ढोंग. कामावर हजर राहावे." अक्षर माझं. सही माझी.

चौकशीत त्याने हा कागद काढलाच नाही.

१८ एप्रिल
त्याला काढलं. ही म्हणाली, "आज तरी पोटभर जेवा." जेवलो.